घरांचे ऊष्माचित्रण

घरांचे ऊष्माचित्रण : घराच्या भिंती, छत, दारे व खिडक्या यांच्या पृष्ठभागांपासून निघणाऱ्या अवरक्त (दृश्य वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रारणाचे मापन करून त्यांच्या तापमानांचे चित्र मिळविण्याची पद्धत. व्यवहारात तीस ‘थर्मल इमेजिंग’ असेही म्हणतात. घरात उष्णता कोठून शिरते वा घरातून ती कोठे निसटते, हे या चित्रावरून कळते.

इतिहास : विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्याच्या वर्णपटात तापमापक ठेवून अवरक्त किरणांचा शोध लावला. त्यांचे पुत्र जॉन हर्शेल यांनी १८४० मध्ये काजळी लावून मद्यार्कात भिजविलेल्या कागदावर या किरणांची पहिली प्रतिमा मिळविली. १८८० च्या सुमारास सॅम्युएल लँग्ली यांनी प्रारणातील अत्यल्प फरक मोजणारा बोलोमीटर तयार केला. यापुढील प्रगती मुख्यत्वे लष्करी गरजांमुळे झाली. स्वीडनमधील ‘आगा’ या कंपनीने १९६५ मध्ये वीजवाहिन्यांच्या तपासणीसाठी ऊष्माचित्रक विक्रीस आणला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांत घरे तापविण्याचा खर्च असह्य झाला आणि या उपकरणाचा रोख घरांकडे वळला. इमारतींच्या अशा तपासणीचे आंतरराष्ट्रीय मानक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभीच्या उपकरणांतील शोधक द्रवरूप नायट्रोजनाने थंड ठेवावा लागे. अमेरिकेत लष्करासाठी विकसित झालेले, अशा शीतनाची गरज नसलेले सूक्ष्मबोलोमीटर १९९२ नंतर खुले झाले, तेव्हा उपकरण हातात मावेल एवढे लहान व पुष्कळ स्वस्त झाले.

उष्ण प्रदेशातील वापर : थंड देशांत हिवाळ्याच्या रात्री बाहेरून चित्र घेतले की, जेथून ऊब निसटते ती जागा उजळ दिसते. उष्ण प्रदेशात प्रश्न उलटा असतो. दिवसा उन्हात तापलेली बाहेरची बाजू सर्वत्र सारखीच उजळ दिसते व तिच्यावरून आतील स्थितीचा बोध होत नाही. म्हणून येथे छताच्या खालच्या बाजूचे चित्र दुपारी, सूर्यास्तानंतर व पहाटे असे अनेकदा घ्यावे लागते. छत केव्हा तापते आणि केव्हा निवते, हेच त्यातून पाहावयाचे असते. माणसाला केवळ हवेमुळे उकडत नाही. तापलेल्या छताचे प्रारणही त्याच्या अंगावर पडत असते. एकमजली घरात उष्णतेचा मोठा वाटा छतातूनच येतो.

मराठवाड्यातील घरे : एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते. या हवामानाला जुने उत्तर होते माळवदाचे. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्याची रचना असे. दर पावसाळ्यापूर्वी मातीची नवी भर पडे व थर वाढत जाई. दुपारची उष्णता हा थर ओलांडून आत येईपर्यंत रात्र होई आणि तोवर माणसे अंगणात वा माळवदावर निजलेली असत.

हेच वजन ३० सप्टेंबर १९९३ रोजी जीवघेणे ठरले. पहाटे ३.५६ वाजता झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील सु. ८,००० माणसे, काही अंदाजांनुसार सु. १०,००० माणसे मृत्यू पावली. चिखलात रचलेल्या भिंती ढासळल्या आणि वरची माती निजलेल्यांवर कोसळली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे सलोह काँक्रीटच्या सपाट छतांची घरे उभी राहिली. इतरत्रही माळवदावरचा विश्वास उडून काँक्रीट व पत्रा यांचा प्रसार झाला.

ऊष्माचित्रात या तिन्ही छतांतील भेद स्पष्ट दिसतो. पत्र्याची खालची बाजू भर दुपारी ५०° ते ६०° से. पर्यंत तापते, पण ऊन ओसरताच निवते. १० ते १५ सेंमी. जाडीचे काँक्रीट छत तीन-चार तास उशिरा तापते. त्यामुळे संध्याकाळी, घरची मंडळी कामावरून परतल्यावर ते सर्वांत उजळ दिसते व रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. माळवदाच्या खालच्या बाजूचे तापमान मात्र दिवसभरात थोडेच बदलते.

निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘इको निवास संहिते’ने छताच्या ऊष्मापारगम्यतेची कमाल मर्यादा दर चौ. मी. ला दर अंश सेल्सिअस फरकामागे १.२ वॉट अशी ठरविली आहे. उघड्या काँक्रीट छताचे मूल्य तिच्या दुपटीहून अधिक असते. छतावर निरोधक थर देणे हा त्यावरील मुख्य उपाय. चुन्याचा पांढरा हात हा सर्वांत स्वस्त. चुना बहुतांश ऊन परतवितो आणि शोषलेली उष्णता अवरक्त प्रारणाच्या रूपाने सहज सोडतो. हा पदार्थ या भागाला परका नाही. येरमाळा (ता. कळंब, जि. धाराशिव) येथे येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेत चुनखडी वेचण्याचीच प्रथा आहे. ही यात्रा भरते तो काळ उन्हाळा चढू लागण्याचा, म्हणजे छताला चुना देण्याचाही असतो.

मर्यादा : ऊष्माचित्र केवळ पृष्ठभागाचे तापमान दाखविते. माती, विटा, चुना यांची उत्सर्जनक्षमता ०.९ च्या आसपास असल्याने त्यांचे वाचन विश्वसनीय असते. चकचकीत पत्रा मात्र भोवतालचे प्रारण परावर्तित करतो व खोटे तापमान दाखवितो. ओलसर भिंत बाष्पीभवनामुळे थंड भासते. याहून महत्त्वाची मर्यादा वेगळी आहे. माळवदाचे चित्र तिघांत सर्वांत समाधानकारक येते. पण ते छत ज्या भिंतींवर उभे आहे त्यांचा दगड चिखलात बसविला आहे की सिमेंटमध्ये, हे त्या चित्रात दिसत नाही. मराठवाड्यातील घराची पारख म्हणून उष्णता व भूकंप या दोन्ही कसोट्यांवर करावी लागते. ऊष्माचित्रण त्यांपैकी पहिलीच लावू शकते.