तारा विझला, पण नेमका कधी?

नेपच्यूनपलीकडचा अ‍ॅरोकॉथ हा छोटा खगोल एका ताऱ्यासमोरून जाणार म्हणून १७ जुलै २०१७ रोजी 'न्यू होरायझन्स' मोहिमेच्या संशोधकांनी अर्जेंटिनात २४ दुर्बिणी रांगेने मांडल्या. पाच दुर्बिणींना तारा क्षणभर मालवलेला दिसला. अशी छाया सेकंदाला वीस किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. वेळेत दशांश सेकंद चुकला, की मापात दोन किलोमीटर चुकले. आणि अ‍ॅरोकॉथची लांबी जेमतेम ३६ किलोमीटर!

म्हणूनच येथे संगणकाच्या घड्याळावर विसंबून चालत नाही. त्याची आज्ञा यूएसबी तारेतून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ दर खेपेस बदलतो. त्याऐवजी जीपीएस यंत्राकडून दर सेकंदाला येणारा विद्युत स्पंद थेट कॅमेऱ्याला दिला जातो. त्यावरून छायाचित्रण सुरू होते किंवा प्रत्येक चित्रावर वेळ नोंदली जाते.

यांत्रिक शटरची अडचण निराळी. त्याची पाती उघडण्यास काही मिलिसेकंद लागतात; पाकळ्यांच्या शटरमध्ये मध्यभागाला प्रकाश अधिक काळ मिळतो, कडांना कमी. पाती मिटण्यापूर्वीच सीसीडीचे वाचन सुरू झाले, तर ताऱ्यांमागे प्रकाशाच्या रेघा उमटतात.

'रोलिंग शटर'च्या कॅमेऱ्यात पातीच नसतात, मात्र संवेदकाच्या ओळी एकापाठोपाठ एक जाग्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली यावर सोपी युक्ती आहे: सर्व ओळी खुल्या असल्याचा संकेत कॅमेऱ्याने दिला, की तेवढ्यापुरताच दिवा लावायचा. आकाशातला तारा असा हुकमी पेटवता येत नाही. तेथे प्रत्येक ओळीचा विलंब हिशेबात धरावा लागतो आणि जीपीएसच्या स्पंदावर लुकलुकणाऱ्या एलईडीचे छायाचित्र घेऊन तो आधीच पडताळतात.