करंटला मर्यादा: प्रयोगमेजावरील पॉवर सप्लायचा इतिहास

रेडिओच्या आरंभीच्या काळात प्रयोगमेजाला वीज मिळे ती बॅटऱ्यांतून; व्हॉल्व्हचा तंतू तापविण्यासाठी एक, पट्टीला उच्च व्होल्टेज देण्यासाठी दुसरी आणि जाळीसाठी तिसरी. 1920च्या दशकात बॅटरी एलिमिनेटर आले, परंतु त्यांचे व्होल्टेज भार वाढताच घसरत असे. त्यावरचा उपाय म्हणजे लिनियर रेग्युलेटर. त्यात भाराच्या वाटेवर बसविलेला व्हॉल्व्ह कमीजास्त होणाऱ्या रोधासारखा वागतो, बाहेर पडणारे व्होल्टेज वायुभरित नळीच्या स्थिर व्होल्टेजशी ताडून पाहिले जाते आणि जो फरक आढळेल तो वाढवून त्याच व्हॉल्व्हच्या जाळीला दिला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमधील केप्कोसारख्या कंपन्यांनी अशा उपकरणांचा स्वतंत्र धंदा उभारला.

करंटवर मर्यादा घालण्याची निकड मात्र ट्रान्झिस्टरने निर्माण केली. अतिभाराने व्हॉल्व्हची पट्टी लाल झाली तरी तो काही क्षण तग धरी. ट्रान्झिस्टर मात्र फ्यूज वितळण्यापूर्वीच जळून जाई, मग तो सप्लायमधला असो वा मेजावर जोडलेल्या मंडलातला. म्हणून करंटच्या वाटेत अल्प मूल्याचा रोध ठेवून त्यावरील व्होल्टेज मोजण्याची रीत रूढ झाली. चांगल्या सप्लायमध्ये व्होल्टेज आणि करंट यांवर नजर ठेवणारे दोन स्वतंत्र वर्धक असतात आणि ज्याची मर्यादा आधी गाठली जाईल त्याच्याकडे नियंत्रण आपोआप जाते. 10 व्होल्ट व 1 अँपिअर ठरवून दिल्यास 10 ओहमपेक्षा मोठ्या रोधावर व्होल्टेज स्थिर राहते, लहान रोधावर करंट.

फेअरचाइल्ड कंपनीने 1967 साली बाजारात आणलेली 723 ही रेग्युलेटर चिप या विद्येला स्वस्त करून गेली. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांच्या प्रात्यक्षिकांतही ती पुढे स्थिरावली. तिच्यातील मर्यादक ट्रान्झिस्टर साधारण 0.65 व्होल्टला जागा होतो, म्हणजे 0.65 ओहमचा रोध लावला की मर्यादा 1 अँपिअरच्या आसपास बसते. तथापि ट्रान्झिस्टरचा हा उंबरठा तापमानाबरोबर सरकत असल्याने हे संरक्षण झाले, नेमके नियंत्रण नव्हे. अनेक हौशी आराखडे हा भेद विसरतात. 1976 च्या एलएम317 या रेग्युलेटर चिपमध्येही करंटची आतील मर्यादा कायमची ठरलेली आहे आणि ती बदलण्यासाठी बाहेरून निराळी जुळणी करावी लागते.

उष्णतेचा प्रश्न यांपैकी कोणत्याही चिपने सोडविला नाही. आत 40 व्होल्ट असताना बाहेरची टोके जुळली आणि मर्यादा 2 अँपिअरची असली, तर 80 वॅट एकट्या ट्रान्झिस्टरवर पडतात. आणि 2एन3055 या ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रकातील 115 वॅट त्याचे आवरण 25 अंश सेल्सिअसवर राखले तरच खरे. म्हणूनच मोठ्या सप्लायमध्ये रिलेने रोहित्राचे टॅप बदलून किंवा थायरिस्टरच्या पूर्वनियंत्रकाने आतील व्होल्टेज आधीच खाली आणले जाते, जेणेकरून ट्रान्झिस्टरवर मोजकेच व्होल्ट उरतात.