बॉम्बे ऑर्केस्ट्रा म्हणजे कोण?

१९७२ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले. त्यांच्या लेड झेपलिन या रॉक बँडचा तोवर जगभर बोलबाला झाला होता. बँडमधले बाकीचे दोघे बरोबर नव्हते. इथल्या स्टुडिओत स्थानिक वादक जमवून पेज-प्लँटनी आपलीच दोन गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. ‘फ्रेंड्स’ १९७० मध्ये आलेल्या तिसऱ्या अल्बममधलं, ‘फोर स्टिक्स’ त्याच्या पुढच्या वर्षीचं. मुंबईतली ही ध्वनिमुद्रणं मात्र प्रकाशित झाली नाहीत. त्यांच्या चोरट्या नकला शौकिनांमध्ये फिरत राहिल्या आणि अधिकृतपणे ती बाहेर आली थेट २०१५ च्या जुलैमध्ये, ‘कोडा’ या जुन्या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. म्हणजे ४३ वर्षांनी.

काटेकोरपणे पाहिलं तर याला कव्हर म्हणता येणार नाही. कव्हर म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्यानं आपल्या पद्धतीनं सादर करणं. इथं तर गाणी त्यांची आणि घेणारेही तेच. पण ऐकताना कळतं, की गाणं दुसऱ्यांच्या हाती गेलेलं आहे. मूळ ‘फोर स्टिक्स’ला ते नाव पडलं, कारण ड्रमवादक जॉन बोनमनं ते प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून वाजवलं होतं. पाच आणि सहा मात्रांमध्ये ये-जा करणारं ते अवघड गाणं. मुंबईच्या रूपात बोनम नाही, प्लँटचं गाणंही नाही. आहेत ती तंतुवाद्यं आणि तबला. प्रकाशित करताना नावही बदललं: ‘फोर हँड्स’. काठ्या गेल्या, हात आले. शब्द वगळूनही गाणं ओळखू येतं, आणि तरी ते पहिलं उरत नाही. मी तमिळमधून मराठीत अनुवाद करते. चांगल्या अनुवादाकडून मी याहून वेगळं काही मागत नाही.

पण ते हात कोणाचे? गाण्यांच्या यादीत शीर्षकापुढे कंसात दोनच शब्द आहेत: बॉम्बे ऑर्केस्ट्रा.

त्या काळी परदेशी संगीतकारांना इथल्या वादकांची नावं छापता येत नव्हती, असं नाही. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसननं मुंबईच्याच एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’चा काही भाग ध्वनिमुद्रित केला. त्या रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं आहेत: संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे. शिवकुमार शर्मांना पुढे सगळं जग ओळखू लागलं. केंकरे हे नाव मात्र त्या वेष्टनावर वाचलं तेव्हा मी पुन्हा बासरी ऐकली. नाव कळल्यावर ऐकणं बदलतं.

आपल्या चित्रपटसंगीताची रीत तर त्याहून कठोर होती. व्हायोलिनच्या रांगांमध्ये गोव्याचे कितीतरी वादक पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून वाजवत; पडद्यावर नाव संगीतकाराचं. त्यांच्यातल्या अँथनी गोन्साल्विसचं नाव घरोघरी पोचलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका विनोदी गाण्यामुळे. ते शिष्य प्यारेलालनं आपल्या व्हायोलिनच्या गुरूला केलेलं वंदन होतं. हे नाव खऱ्या माणसाचं आहे, याचा पत्ता गाणं गुणगुणणाऱ्या बहुतेकांना नव्हता.

वेलचेरीत आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त व्हायोलिनवादक राहतात. कोडंबाक्कमच्या स्टुडिओंमध्ये त्यांची हयात गेली. त्यांना मी ‘फोर हँड्स’ ऐकवलं. बँडचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. डोळे मिटून त्यांनी मांडीवर मात्रा मोजल्या, एकदा चुकले, पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, “वाजवलंय कोणी?” मी म्हटलं, “सार, नुसतं ऑर्केस्ट्रा लिहिलंय.” ते हसले. “आम्हांला तर कित्येकदा कुठल्या चित्रपटाचं गाणं वाजवतोय हेसुद्धा कळायचं नाही. दिवसाचे पैसे मिळायचे. पण ऐकलं की माझा हात मला ओळखू येतो.”

मला ते वाक्य सोसवलं नाही. माझ्या पहिल्या अनुवादित कादंबरीच्या मुखपृष्ठावर माझं नाव नव्हतं. आतल्या पानावर, किमतीच्या वरच्या ओळीत, बारीक टायपात होतं. प्रकाशक म्हणाले, वाचक लेखकासाठी पुस्तक घेतो. तेव्हा मला ते पटलंही होतं. त्या पुस्तकातल्या कुठल्या वाक्यावर मी आठवडाभर अडले होते, हे आजही मला सांगता येईल. पण माझा हात फक्त मलाच ओळखू यावा, हे पुरेसं नाही.

१९९४ साली पेज आणि प्लँटनी ‘नो क्वार्टर’मध्ये हीच दोन गाणी पुन्हा घेतली, या खेपेला इजिप्तच्या वादकांबरोबर. समीक्षकांनी पूर्व-पश्चिम संगमाबद्दल पुष्कळ लिहिलं. त्या संगमाचा पहिला खर्डा बावीस वर्षांपूर्वी मुंबईत झाला होता. तो ज्यांनी वाजवला, ते गाण्यांच्या यादीत आजही कंसातच आहेत.

कव्हर ऐकताना आपण विचारतो, मूळ कोणाचं? आता मी दुसरा प्रश्नही विचारते. आणि नव्या करारावर सही करण्याआधी मुखपृष्ठाबद्दलचं कलम दोनदा वाचते.