टेहळणी : हलत्या माणसाचा वेध

माळरान, डोंगरउतार, जंगलाची कड अशा उघड्या मुलखात चालणारा माणूस नुसत्या नजरेने हेरण्याची क्रिया. सीमेवरचे पहारेकरी, वनरक्षक आणि शोधपथके यांना तिचा रोज उपयोग होतो. हलले की दिसतेच, हा समज अर्धाच खरा आहे. भोवतालच्या स्थिर खुणांच्या तुलनेत माणसाची जागा किती बदलली, हे डोळा टिपतो. त्यामुळे माणसाच्या वेगाइतकेच महत्त्व पार्श्वभूमीला येते.

एका अंशाच्या ६० कला धरल्या, तर १ किमी. अंतरावरचा १.७ मी. उंचीचा माणूस डोळ्याशी जेमतेम ६ कलांचा कोन करतो. ताशी ५ किमी. वेगाने तो आडवा चालला, तर सेकंदाला सुमारे ५ कला सरकतो. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेर्मान ऑबर्ट यांना १८८६ मध्ये असे आढळले, की शेजारी स्थिर खुणा असतील तर सेकंदाला १-२ कलांची गतीही जाणवते. खुणा नसतील तर १० ते २० कला लागतात. म्हणजे झुडपांपुढून जाताना सहज दिसणारी चाल बर्फाच्या कोऱ्या पठारावर चाल म्हणून जाणवणारच नाही; काही वेळाने जागा बदललेली कळेल, एवढेच. तोच माणूस सरळ निरीक्षकाकडे येऊ लागला, तर त्याची आकृती सेकंदाला कलेच्या शंभराव्या भागाइतकीही वाढत नाही.

यावर आक्षेप म्हणून स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांच्या १९७३ च्या प्रयोगांचा दाखला देता येईल. अंधारात फक्त सांध्यांवरचे दिवे हलताना पाहूनही लोकांनी चालणारा माणूस लगेच ओळखला होता. पण त्यासाठी सांधे वेगवेगळे दिसावे लागतात. किलोमीटरभर अंतरावर पायाची जाडी अर्ध्या कलेच्या आसपास भरते आणि निरोगी डोळ्याची तपशील वेगळे करण्याची मर्यादा सुमारे एक कला आहे. तेव्हा ही विलक्षण क्षमता ओळख पटवण्याच्या टप्प्यावर, जवळच्या अंतरात कामी येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : स्थिर खुणा भरपूर असूनही पहारेकऱ्यांच्या नजरेतून माणसे सुटतात. याला थकवा कारणीभूत असतोच. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये दाखवले, की सलग पहाऱ्याच्या पहिल्या अर्ध्या तासातच अचूकता घसरते. शिवाय वारा सुटला की गवत आणि फांद्याही हलू लागतात, पार्श्वभूमी स्थिर राहत नाही आणि माणसाची हालचाल तिच्यात मिसळून जाते.

म्हणून सह्याद्रीत वाट चुकलेल्याने सुरक्षितपणे जमत असेल तर डोलत्या गवतातून उघड्या कातळावर यावे आणि कातळाहून उठून दिसणाऱ्या भडक रंगाचे मोठे कापड शोधणाऱ्यांच्या नजरेला आडवे हलवत राहावे.