सातशे पंचावन्नचं कूळ

वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली की पहिल्या दिवशी दोनपैकी एक गोष्ट हटकून होते. एक तर पानाऐवजी ‘४०३ फॉरबिडन’ दिसतं, नाहीतर फोटो अपलोड होत नाहीत आणि एरर लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ची रांग लागते. मग ओळखीतला एखादा जाणकार फोनवरून सल्ला देतो, “फोल्डरला सेव्हन सेव्हन सेव्हन मार.” मारलं की चालतं. का चाललं हे विचारायला कुणी थांबत नाही. आणि काय काय उघडं पडलं हे कळतं, तेव्हा साइटवर भलत्याच कुणाच्या जाहिराती झळकत असतात.

हा सात कुठून आला? आठ किंवा नऊ का नाही? आणि आकडे तीनच का? उत्तर न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल लॅब्जमध्ये आहे. पण दुखण्याचा जन्म त्याआधीचा, मॅसॅच्युसेट्समधला.

संगणक एका वेळी एकाचंच काम करी, तोवर फायलींच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता. आपल्या पंच कार्डांचा गठ्ठा कपाटात ठेवून कुलूप लावलं की काम झालं. १९६१ साली एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच यंत्र, अनेक टर्मिनलं, आणि प्रत्येकाला वाटावं की यंत्र आपल्याच सेवेला आहे. सगळ्यांच्या फायली एकाच डिस्कवर आल्या, म्हणून पासवर्ड आले. पुढे काही वर्षांत एक फजिती झाली. कॉर्बाटोंनी ती आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितली आहे. तिथला एडिटर तात्पुरत्या फायलीला दर वेळी एकच ठरलेलं नाव देई. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार, असं त्यात गृहीत धरलेलं होतं. एकदा एक व्यवस्थापक पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता आणि दुसरा त्याच डिरेक्टरीत बसून, लॉगइन करणाऱ्याला दिसणारी रोजची सूचना लिहीत होता. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि जो कुणी लॉगइन करेल त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड येऊ लागले.

यात कुणी घरफोडी केली नव्हती. दोघांनाही ज्या फायलींना हात लावायचा अधिकार होता, त्यांनाच त्यांनी हात लावला होता. चुकलं ते नाव आणि ठिकाण. परवानगीचं दुखणं आणि पत्त्याचं दुखणं ही जुळी भावंडं आहेत, आणि सर्व्हर दुरुस्त करणारा माणूस आजही एकाची लक्षणं पाहून दुसऱ्याचं औषध देतो.

सीटीएसएसनंतर मल्टिक्स. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांचा हा थोर आणि अवजड प्रकल्प. डिरेक्टरीत डिरेक्टरी, तिच्यात आणखी एक, अशी झाडासारखी मांडणी आणि त्या झाडावरून फायलीपर्यंतचा पत्ता ही कल्पना डेली आणि नॉयमन यांनी १९६५च्या निबंधात मांडली. प्रत्येक फायलीसोबत ती कोण कोण वापरू शकेल याची यादीही होती. १९६९मध्ये बेल लॅब्जनं प्रकल्पातून अंग काढून घेतलं. तिथले केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची एका जुनाट पीडीपी-७ यंत्रावर स्वतःपुरतं काहीतरी उभारू लागले. त्याचंच पुढे युनिक्स झालं.

त्या पहिल्यावहिल्या युनिक्समध्ये पाथ, म्हणजे असा पत्ता, नव्हताच. फायलीचं नुसतं नाव द्यायचं आणि ती चालू डिरेक्टरीतच शोधली जाई. त्या काळाची एक हकीकत रिचींनी लिहून ठेवली आहे. एका प्रोसेसनं दुसरी जन्माला घालायची सोय नव्यानं आली आणि डिरेक्टरी बदलायची आज्ञा अचानक चालेनाशी झाली. बराच वेळ सगळे कोड वाचत बसले. शेवटी उलगडलं ते असं: आज्ञा आपलं काम चोख करत होती, फक्त आता ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालत होती. ती प्रोसेस स्वतःची डिरेक्टरी बदली आणि लगेच संपून जाई. वापरणारा जिथल्या तिथेच. म्हणून ती आज्ञा शेलच्या, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या कार्यक्रमाच्या, पोटात घालावी लागली. आज ज्याला आपण ‘सीडी’ म्हणतो ती अजून तिथेच आहे.

आपण कुठे उभे आहोत हे माणसाचं नसतं, प्रोसेसचं असतं, एवढा या हकीकतीचा अर्थ. हातानं चालवलेली स्क्रिप्ट ठीक चालते आणि रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या कार्यक्रमातून, तीच ‘नो सच फाइल’ म्हणत पडते, यामागे बऱ्याचदा हेच असतं. क्रॉन वेगळ्या डिरेक्टरीत उभा असतो आणि स्क्रिप्टमध्ये अर्धाच पत्ता लिहिलेला असतो.

आता सात. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यात परवानगी बदलणारी ‘सीएचमॉड’ ही आज्ञा आहे, पण तिचे आकडे आजच्या माणसाला परके वाटतील. परवानगीची चिन्हं अवघी सहा: मालकाला वाचणं आणि लिहिणं, इतरांना वाचणं आणि लिहिणं, फाइल चालवता येते की नाही, आणि सहावं ‘सेट-यूआयडी’ नावाचं. गट नव्हताच. चालवायची परवानगी दिली की सगळ्यांनाच. १९७४ साली रिची आणि थॉम्प्सन यांचा प्रसिद्ध निबंध आला, तोवर चिन्हं सात झाली होती. मालक आणि इतर यांना तीन-तीन, वर ते सेट-यूआयडी. त्याच निबंधाच्या १९७८च्या आवृत्तीत ती दहा आहेत, कारण मध्ये गट येऊन बसला. मालक, गट, इतर, आणि प्रत्येकाला वाचा, लिहा, चालवा.

तीन होय-नाहींच्या जुळण्या आठच होतात, शून्य ते सात. पीडीपी बनवणाऱ्या डीईसीच्या यंत्रांवर काम करणारे लोक आकडे अष्टमान पद्धतीतच वाचत, त्यामुळे तीन बिटांचा एक अंक हे त्यांच्या बोटांवरच होतं. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. सात म्हणजे सगळं, पाच म्हणजे वाचणं नि चालवणं. मल्टिक्सची ऐसपैस यादी सोडून नऊ बिटांवर भागवलं यामागे कुणी मोठं तत्त्वज्ञान शोधतं, पण मला ती सरळ काटकसर वाटते. त्यांच्या पहिल्या पीडीपी-११ची मेमरी २४ किलोबाइट होती आणि डिस्क अर्ध्या मेगाबाइटची. फायलीगणिक नावांची यादी ठेवणं त्यांना परवडलं नसतं.

सेट-यूआयडीची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती मजेदार आहे. ‘मू’ नावाचा आकडे ओळखायचा एक खेळ होता. खेळाडूंचे गुण एका फायलीत ठेवायचे, खेळणाऱ्यानं खेळलं की ती बदलायला हवी, पण हातानं जाऊन कुणी आपले गुण वाढवता कामा नयेत. रिचींची युक्ती अशी की कार्यक्रम चालेपुरता तो चालवणाऱ्याच्या नव्हे, तर त्याच्या मालकाच्या अधिकारानं चालावा. १९७४च्या निबंधात या खेळाचा नावानिशी उल्लेख आहे. जुलै १९७३मध्ये या युक्तीच्या पेटंटचा अर्ज झाला, जानेवारी १९७९मध्ये पेटंट मिळालं, आणि पुढे ते सगळ्यांना खुलं करण्यात आलं. वेब सर्व्हरच्या गोष्टीत ही युक्ती पुन्हा येणार आहे.

डिरेक्टरी काही चालवता येत नाही. मग तिच्या बाबतीत तो एकचा आकडा वाया का घालवा? त्याला ‘इथून पुढे जाऊ देणे’ असा अर्थ दिला गेला. १९७५च्या सहाव्या आवृत्तीच्या कर्नलमध्ये ‘नेमआय’ नावाचं एक फंक्शन आहे. ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी या कर्नलवर भाष्य लिहिलं, म्हणून ते आज ओळीओळीनं वाचता येतं. पत्ता हातात घ्यायचा, एकेक तुकडा तोडायचा, प्रत्येक डिरेक्टरीशी थांबून पुढे जायची परवानगी आहे का ते बघायचं, एवढं त्याचं काम. नसेल तर १३ नंबरची चूक. नावच सापडलं नाही तर २ नंबरची. अपाची या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’च्या आधी कंसात १३ दिसतो तो हाच. लिनक्सनंही तो नंबर बदलला नाही.

दुरुस्ती करणाऱ्याची सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक इथे होते. तो फाइल तपासतो. फाइल ६४४ असते, ठणठणीत. मग तो तिला ७७७ करतो, तरी ४०३ जात नाही. जुन्या वाड्यात माजघरातल्या कपाटाची किल्ली हातात असून काय उपयोग, दिंडी दरवाजाच आतून बंद असेल तर? उबंटूनं एप्रिल २०२१च्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या होम डिरेक्टऱ्या ७५५ऐवजी ७५० करायला सुरुवात केली. इतरांचा आकडा शून्य. ज्यांची साइट आपल्या होम डिरेक्टरीत ठेवलेली होती, त्यांच्या नव्या सर्व्हरवर जुनीच रीत अडू लागली. लिनक्सवर नेमआय याच नावाची एक आज्ञा मिळते. तिला ‘एल’ जोडून पूर्ण पत्ता दिला की वाटेतल्या प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दिसते. सीएचमॉडच्या आधी ही चालवावी. माझ्या मते हिला मिळायला हवी तेवढी प्रसिद्धी मिळालेली नाही.

मग वेब आलं. सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी पत्त्यातला तिरका स्लॅश युनिक्सकडून उचलला आणि सुरुवातीचा दुहेरी स्लॅश अपोलो कंपनीच्या डोमेन प्रणालीकडून. (त्या दुहेरी स्लॅशची गरज नव्हती, असं त्यांनी पुढे कबूलही केलं.) इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसएमध्ये रॉब मॅककूल यांनी सर्व्हर लिहिला, अपाची निघाला तो त्यातूनच. ८० नंबरचं पोर्ट उघडायला रूटचा, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकाऱ्याचा, अधिकार लागतो. पण बाहेरच्या जगाला रूटच्या हातानं फायली वाढणं म्हणजे आत्मघात. म्हणून पोर्ट उघडून झालं की सर्व्हर ‘नोबडी’ नावाच्या वापरकर्त्याचं रूप घेई. हा नोबडी सनच्या एनएफएसमधून आलेला. आज डेबियनवर त्याच जागी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असतो.

सगळा घोटाळा इथे आहे. नऊ बिटांची व्यवस्था ज्यांनी केली, त्यांचे ‘इतर’ म्हणजे त्याच इमारतीत काम करणारे, नाव-गाव माहीत असलेले सहकारी. वेबवरचा पाहुणा त्या यंत्रावर खातंच नसलेला माणूस, आणि त्याच्या वतीनं आत येणारा नोबडी तुमचा मालकही नाही आणि बहुधा गटातलाही नाही. म्हणून तो तिसऱ्या आकड्यात पडतो. नुसतं पान दाखवायचं तर ७५५ आणि ६४४ पुरतात. फोटो साठवायचा तर नोबडीला लिहायची मुभा हवी, आणि ती तिसऱ्या आकड्यातून दिली की शेअर्ड होस्टिंगवर त्याच यंत्रावरच्या इतर सगळ्या खात्यांनाही मिळते. ७७७चा सल्ला असा जन्मला.

१९९७मध्ये अपाची १.२सोबत ‘सूएक्झेक’ आलं. रिचींच्या युक्तीचंच हे नातवंड: सीजीआय कार्यक्रम नोबडीच्या नव्हे, साइटच्या मालकाच्या अधिकारानं चालवायचा. मात्र ते सोवळं फार. कार्यक्रमावर किंवा त्याच्या डिरेक्टरीवर गटाला वा इतरांना लिहायची मुभा दिसली की ते कार्यक्रम चालवायलाच नकार देतं आणि पाहुण्याला ५०० दिसतो. म्हणजे एका होस्टवर ७७७ हा उतारा, तर दुसऱ्यावर तोच विषाचा घोट. साधा उपाय म्हणजे अपलोडच्या डिरेक्टरीचा मालक किंवा गट बदलणं. मालक बदलला तर आकड्यांना हात लावावाच लागत नाही.

कधी सगळे आकडे बरोबर असूनही ४०३ येतो. रेड हॅटच्या घराण्यातल्या सर्व्हरवर पहिला संशय एसईलिनक्सवर घ्यावा. अमेरिकेच्या एनएसएनं २०००च्या डिसेंबरात खुली केलेली ही दुसरी पहारेदारी फायलीवरचं लेबल बघते. होम डिरेक्टरीतून फाइल ‘एमव्ही’नं हलवली की जुनं लेबल चिकटून येतं, ‘सीपी’नं नक्कल केली तर नव्या जागेचं लागतं. ‘रिस्टोरकॉन’ चालवलं की बहुतेकदा भागतं. पहारेदारीच बंद करून टाकणारे खूप आहेत. ७७७ मारणारे तेच.

पत्त्याची दुसरी शाखा विंडोजची. १९८३च्या एमएस-डॉस २.०मध्ये डिरेक्टऱ्या आल्या तेव्हा तिरका स्लॅश आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच अडकलेला होता, म्हणून पत्त्यात उलटा स्लॅश आला. त्याहून जास्त त्रास मोठ्या-लहान अक्षरांचा. विंडोजला दोन्ही सारखी, लिनक्सला वेगळी. आपल्या संगणकावर दिसणारा फोटो सर्व्हरवर ४०४ देतो, कारण कॅमेऱ्यानं शेवटचं ‘जेपीजी’ मोठ्या लिपीत लिहिलेलं असतं.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत म्हणून मराठी माणूस सुटला, असं मात्र नाही. ‘दऱ्या’ किंवा ‘किनाऱ्यावर’ अशा नावाची फोटोची फाइल घ्या. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि साधा ‘र’ अधिक नुक्ता असाही तो लिहिता येतो. १९९८पासून मॅकवर असलेली एचएफएस-प्लस ही फाइल प्रणाली नाव साठवताना पहिल्याचं गुपचूप दुसरं करी. २०१७च्या एपीएफएसनं ती सवय सोडली. लिनक्स मात्र अक्षरं बघतच नाही, बाइट बघतो. जुन्या मॅकवरून चढवलेली ‘दऱ्या’ आणि पानाच्या कोडमध्ये टाइप केलेली ‘दऱ्या’ डोळ्यांना एक, सर्व्हरला दोन. परवानग्या कितीही तपासल्या तरी ४०४ हटत नाही. ‘कॉन्व्हएमव्ही’ या साधनाला एनएफसीचा पर्याय दिला की अशी नावं एका रूपात आणता येतात. काही कीबोर्डांवर हेच अक्षर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, असं उमटतं. ते या साधनाच्याही आवाक्याबाहेर आहे. तिथे फाइलचं नाव हातानंच बदलावं लागतं.