शिकविणे आणि जीव लावणे

लखनऊच्या छावणीतून दिलकुशा कोठीकडे जाणारा रस्ता संध्याकाळच्या वेळी बराच निवांत असतो. नवाब सआदत अली खानासाठी सन १८०० च्या सुमारास गोर औसली या इंग्रज अधिकाऱ्याने ही कोठी उभारली. आज तिच्या भग्न भिंती आणि बुरूज तेवढे उरले आहेत. 'दिलकुशा' म्हणजे मन प्रफुल्लित करणारी. परंतु २४ नोव्हेंबर १८५७ रोजी सेनापती हॅवलॉक याच ठिकाणी आमांशाने मरण पावला, ही गोष्ट येथे फिरावयास येणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे. या हॅवलॉकची पत्नी हॅना ही बंगालमधील श्रीरामपूरच्या मार्शमन या मिशनऱ्याची कन्या. मार्शमनने आपल्या सहकाऱ्यांसह १८१८ साली श्रीरामपुरास महाविद्यालय स्थापन केले. त्याच महाविद्यालयात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाची अठरा वर्षेही पुरी न झालेली एक मराठी मुलगी इंग्रजीतून भाषण करावयास उभी राहिली. आपण अमेरिकेस वैद्यक शिकावयास का जात आहोत, हे तिने सांगितले, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचे वचन दिले.

आनंदीबाई जोशी यांची ही कथा मराठी वाचकास नवी नाही. आम्हांस ती पुन्हा सांगाविशी वाटते याचे कारण निराळे आहे. त्यांचे यजमान गोपाळराव हे टपाल खात्यातील कारकून होते. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्यांमागून बदल्या त्यांनी पाहिल्या. सरकारी हुकमाबरोबर परमुलखात संसार हलविणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनांचे ते एका अर्थी पूर्वजच होत. म्हणूनच त्यांच्याकडे पाहताना आदर वाटतो, तशी थोडी धास्तीही वाटते.

नऊ वर्षांच्या यमुनेशी १८७४ साली त्यांचा विवाह झाला, तेव्हा ते विधुर होते आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीस शिकवीन, हा त्यांचा निर्धार. त्या काळी असा निर्धार करणारा पुरुष विरळा, आणि त्यापायी लोकनिंदा सोसणारा तर त्याहून विरळा. परंतु हे शिक्षण मारहाणीच्या धाकात झाले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी पतीवाचून कलकत्त्याचा किनारा सोडला. पुढे अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी बालपणी सोसलेल्या त्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. तुमचे वागणे बरे की वाईट हे ठरविणे कठीण; अंती जे साधावयाचे होते त्या दृष्टीने ते योग्य असेल, परंतु बालमनावर होणारा परिणाम पाहता ते अयोग्यच होते, असा त्या पत्राचा आशय आहे. त्या पत्रात कृतज्ञता आहे आणि न्यायबुद्धीही आहे. परंतु हे चार शब्द पतीस सांगावयास मध्ये एक महासागर यावा लागला, ही गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते.

त्याच महासागराच्या पलीकडे न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी आनंदीबाई राहिल्या. गोपाळरावांचे एका मासिकात छापलेले पत्र वाचून या बाईंनी ओळख काढली होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. वय बावीसही नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि पकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली आहे. गोपाळरावांनी पत्नीसाठी सारे काही केले, यात शंका नाही. परंतु केलेले सारे पत्नीच्या मनास प्रेम म्हणून पोचले काय, हा प्रश्न उरतोच.

आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्यास तीन वर्षे होतात न होतात तोच त्या नगरीत आणखी एक मराठी बिऱ्हाड सरकारी कामानिमित्त येऊन राहिले. न्यायमूर्ती रानडे यांची १८८६ साली फायनान्स कमिटीवर नेमणूक झाली होती. रमाबाई बरोबर होत्या. रानड्यांचा हा दुसरा विवाह १८७३ सालचा. वर एकतीस वर्षांचा, वधू अकरा वर्षांची. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केले, याबद्दल त्यांना बोल लागला तो अकारण नव्हता. त्यांनीही पत्नीस शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा जाच रमाबाईंनी मुकाट्याने सोसला. तेव्हा हे चित्र सर्वस्वी उजळ आहे, असे आम्ही म्हणत नाही.

परंतु कलकत्त्याच्या मुक्कामातील एक प्रसंग रमाबाईंनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे. रानडे तेथे बंगाली शिकू लागले. न्हावी हजामत करीत असताना अडलेल्या शब्दांचे अर्थ ते त्यालाच विचारीत. पत्नीने यावरून त्यांची थट्टा केली, तेव्हा दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला देऊन त्यांनी ती हसतमुखाने मानून घेतली. मग आपण शिकलेले बंगाली त्यांनी तिलाही शिकविले. प्रसंग क्षुल्लक आहे. तरीही आम्हांस तो मोलाचा वाटतो. एवढा मोठा विद्वान आपल्या स्त्रीसमोर अडाणी दिसावयास भ्याला नाही, आणि ती त्याला हसावयास भ्याली नाही. रानड्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १९१० साली, रमाबाईंनी त्या आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हा इतक्या मोठ्या कर्तृत्वाच्या माणसाविषयी लिहिताना न्हाव्याची ही गोष्ट गाळावी असे त्यांस वाटले नाही.

हसण्याचा विषय निघाला की लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याबरोबरचा त्यांचा संसार सुखाचा होता असे कोण म्हणेल? पती शीघ्रकोपी, लहरी, हाती येईल ते दुसऱ्यास देऊन टाकणारा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे ताटातुटीत गेली. त्या पतीकडे परतल्या त्या आपले सोवळे-ओवळे घेऊनच. जे आपण स्वीकारले ते पत्नीनेही स्वीकारलेच पाहिजे, अशी सक्ती टिळकांनी केली नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या विचाराने. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत पतीचे सारे दोष आहेत, परंतु ते सांगणारीच्या स्वरात भीती कोठेही नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे पुरे करण्याचे काम तिनेच अंगावर घेतले.

तिन्ही पतींनी पत्नीस अक्षर दिले. तेव्हा भेद देण्यात नव्हता. पत्नीने नाही म्हटले, चूक केली, हसू केले, तर तिचे घरातले स्थान तसेच राहते काय, यात तो होता. हा विश्वास जिला लाभला तिला आपल्यावर कोणाचा तरी जीव आहे असे वाटले असावे. जिला तो लाभला नाही, तिने उपकार मात्र प्रामाणिकपणे मानले.

हे लिहिताना आम्हांस आमचेच घर आठवते. बदली होऊन छावणीत आलो तेव्हा कुटुंबास हिंदी बेताचेच येत होते. सदर बाजारात ती 'उसका दुकान' म्हणाली की आम्ही दुकानदारासमोरच 'उसकी' म्हणून दुरुस्त करीत असू, आणि आपण तिला शिकवीत आहोत या समाधानात घरी परतत असू. काही महिन्यांनी तिने यादी आमच्या हाती देण्यास प्रारंभ केला. कारण विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुम्ही नसता ना, तेव्हा मी छान बोलते."

आम्ही त्यावर काही बोललो नाही. पुढच्या रविवारी पिशवी धरून दोन पावले मागे उभे राहिलो. लिंगाच्या चुका झाल्याच. भाव मात्र तिने आमच्यापेक्षा चांगला करून घेतला, आणि परतताना दिलकुशाच्या वाटेवर, पूर्वीसारखी, ती आपण होऊन बोलू लागली.