रत्नागिरी : एका बंदराचा उंबरठा

मोठ्या शहरांचा इतिहास लढायांनीं भरलेला असतो. लहान शहरांचा बहुधा माणसांच्या येण्याजाण्यानें. रत्नागिरीचा इतिहास ह्या दुसऱ्या जातीचा आहे. समुद्रांत शिरलेल्या डोंगरावर रत्नदुर्ग, त्यावर भगवतीचें देऊळ, जवळच बंदर व मिरकरवाडा, एवढें चित्र जुनें खरें. परंतु शहर म्हणून त्याची वाढ इंग्रजी अंमलांत झाली. पेशवाई १८१८ सालीं बुडाली. दक्षिण कोंकणचें ठाणें प्रथम बाणकोटास होतें. तें १८२२ सालीं येथें आलें. कचेरीमागून कारकून, वकील आणि शिक्षक आले.

जमीन मात्र थोडी व खडकाळ. म्हणून कर्त्या माणसांनीं बाहेर पडावें, हा येथला शिरस्ताच झाला. लोकमान्य टिळक येथें १८५६ सालीं जन्मले. वडिलांच्या बदलीमुळें १८६६ सालीं तें कुटुंब पुण्यास गेलें. असंख्य अनामिकांनीं मुंबईची वाट धरली. पावसाळ्यांत आगबोटी बंद होत, आणि मागें राहिलेल्यांची नजर टपालाकडे लागे.

एका बाजूस सह्याद्रि, दुसरीकडे समुद्र. हाच दूरपणा सरकारला सोयीचा वाटला. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा ह्यास १८८६ सालीं येथें आणून ठेविलें. त्याच्यासाठीं बांधलेला राजवाडा १९१० सालीं पुरा झाला; १९१६ सालीं तो येथेंच वारला. पुढें राजकुटुंब मायदेशीं गेलें, तरी थोरली राजकन्या परत आली. तिची मुलगी येथेंच वाढली, मराठी बोलली, आणि ह्या मातीशीं एकरूप झाली.

समुद्रापलीकडून आलेल्यांस ज्या शहरांत असें घर मिळालें, त्याच शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अस्पृश्य शेजाऱ्यास देवळाची पायरी ओलांडतां येत नव्हती! ह्या विसंगतीकडे डोळेझांक करून रत्नागिरीचा इतिहास सांगणें म्हणजे अर्धाच इतिहास सांगणें होय. सावरकर १९२४ ते १९३७ पर्यंत येथें स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जाण्याची व राजकारणांत पडण्याची त्यांस बंदी होती. तेव्हां त्यांनीं जातिभेदाविरुद्ध चळवळ मांडली. मुंबईंत कंत्राटदार म्हणून संपन्न झालेल्या भागोजीशेठ कीर ह्या येथल्याच भूमिपुत्रानें पैसा पुरविला, आणि १९३१ सालीं सर्व हिंदूंस खुलें असें पतितपावन मंदिर उभें राहिलें. बाहेर गेलेल्याचें धन आणि बाहेरून आलेल्याचा विचार ह्यांची ती गांठ होती.

ह्या मंदिराचा अभिमान बाळगणें योग्यच. परंतु नवें देऊळ बांधावें लागलें, कारण जुन्यांचीं दारें उघडत नव्हतीं, हेंही त्याचा प्रत्येक दगड सांगतो. तें शहराचें भूषण आहे, आणि त्याच वेळीं शहरावर ठेविलेला ठपकाही आहे.

१९९८ सालीं कोंकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली आणि रत्नागिरीचा दूरपणा संपला. सह्याद्रीनें व समुद्रानें घातलेलें अंतर मनुष्याच्या यंत्रांनीं तोडलें. माणसानें माणसांत घातलेलें अंतर तोडावयास मात्र कोणतेंही यंत्र उपयोगी पडत नाहीं. तें काम प्रत्येक पिढीला आपल्याच उंबरठ्यापासून आरंभावें लागतें.